मधला चेंडू कोणाचा?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



सचिवांनी मला ‘ज्येष्ठांचे आरोग्य’ या विषयावर दहा मिनिटे बोलायला सांगितलं आहे. पण आरोग्यावर डॉक्टरांनी बोलावं. मी नोकरीभर दिवसा व्हाउचरं तपासली आणि संध्याकाळी टेनिस खेळलो. तेव्हा टेनिसवरच बोलतो.

या खेळात नवशिक्याला सगळे सांभाळून घेतात. मुरलेल्याला काही सांगावं लागत नाही. खरी पंचाईत मधल्या पायरीवरच्या माणसाची! फोरहँड बरा बसलेला असतो, सर्व्हिस आत पडते आणि आपल्याला खेळ आला असं वाटायला लागतं. मी त्या पायरीवर पाच-सहा वर्षं अडकलो होतो. दिसला चेंडू की जोरात हाणायचा, एवढीच आमची रणनीती.

तेव्हा माझी बदली संभाजीनगरला होती. शाखेतलेच एक सहकारी माझे दुहेरीतले जोडीदार. क्लबच्या स्पर्धेत आम्ही अंतिम सामन्यात पोहोचलो. शेवटच्या गुणाला चेंडू आमच्या दोघांच्या बरोबर मधून गेला. मला वाटलं ते घेतील, त्यांना वाटलं मी घेईन. सामना गेला. मी त्यांच्या बायकोमुलांसमोर त्यांना नाही नाही ते बोललो. पुढे आठ महिने आम्ही एका शाखेत बसून एकमेकांशी बोललो नाही. डबासुद्धा वेगवेगळ्या वेळी खायचो.

जोडीदार नाही म्हणून मी क्लबच्या भिंतीवर एकटाच सराव करायचो. एक दिवस तिथल्या मार्करने सहज विचारलं, “साहेब, तुम्ही त्या दिवशी डावीकडे उभे होता ना? तुम्ही दोघंही उजव्या हाताचे. मग मधल्या चेंडूला फोरहँड कोणाचा?”

फोरहँड माझा होता. चेंडू माझाच होता.

त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो आणि चूक कबूल केली. ते एवढंच म्हणाले, “चहा घेणार ना?”

त्यानंतर आम्ही डोक्याने खेळायला शिकलो. लेकरांनो, हे तुमच्यासाठी सांगतो. जाळी खांबापाशी साडेतीन फूट उंच असते आणि मध्यभागी तीन फूट. म्हणून अडचणीत असलात तर मधून मारा. सहा इंच सवलत मिळते, समोरच्याला कोन मिळत नाही आणि त्यांच्यातही ‘तुझा की माझा’ सुरू होतं. कोर्टाची लांबी ७८ फूट. तिरका फटका मारला तर त्याहून जास्त जागा मिळते, म्हणून चेंडू बाहेर जायची भीती कमी. पहिली सर्व्हिस थोडी हळू करा, पण आत टाका. जाळीजवळचा जोडीदार पुढचं काम करतो. डोक्यावरून लॉब गेला, तर मागे पळणाऱ्याने मोठ्याने ‘माझा’ म्हणावं. आणि मधला चेंडू कोणाचा, हे सामन्याआधी ठरवावं. हरल्यावर ठरवलं तर भांडणच होतं.

मोठ्या खेळाडूंचंही एकट्याने भागत नाही. श्रीरामपूरला जन्मलेली आपली ऋतुजा भोसले २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचा अंतिम सामना खेळली. पहिला सेट २-६ असा गेला. दुसरा ६-३ असा जिंकला, मग सुपर टायब्रेक १०-४ आणि सुवर्णपदक! बोपण्णांचं वय तेव्हा ४३. पहिला सेट गेल्यावर ही दोघं एकमेकांवर खेकसत बसली असती, तर पदक आलं असतं का?

मंडळी, आपल्या सोसायटीतही मधले चेंडू पुष्कळ पडतात. मागच्या उन्हाळ्यात मोटार जळली. या बाजूच्यांना वाटलं त्या बाजूच्यांनी मिस्त्रीला फोन केला असेल. त्यांना वाटलं आपण केला. दोन दिवस टाक्या कोरड्या, आणि तिसऱ्या दिवशी जिन्यात भांडण. चूक कोणाची हे शोधण्यात आपण हुशार. चेंडू कोणाचा हे आधी ठरवण्यात मात्र कच्चे.

माझ्या त्या जोडीदारांनीच मला बीडला या सोसायटीत घर घ्यायला लावलं. तुमच्यापैकी अनेकांनी त्यांना पाहिलं आहे. आज ते आपल्यात नाहीत. ते आठ महिने मला अजून टोचतात. कोणाशी अबोला असेल, तर आज जेवणाच्या पंगतीत त्याच्या शेजारी बसा. चेंडू आपलाच आहे असं समजून पुढे व्हा.

जाता जाता कार्यकारिणीला एक विनंती. कोर्टाएवढी जागा आपल्याकडे नाही. पण पंपघरामागच्या भिंतीवर तीन फुटांवर एक पांढरी रेघ मारून द्या. संध्याकाळी तासभर लेकरांना सराव करू द्या. आवाजाची तक्रार आली, तर ती माझ्याकडे पाठवा. तो चेंडू माझा.