डोंगरावर नजर कोणाची?

(मावळ तालुक्यातील महिला ग्रामपंचायत सदस्य, अंगणवाडी सेविका आणि बचतगटांच्या प्रतिनिधी यांच्यासाठी लोणावळ्यात झालेल्या शिबिरातील भाषण)



"आपला डोंगर कधी फुटंल का हो, टीव्हीत दाखवतात तसा?" वाडीवरच्या बैठकीत हा प्रश्न हमखास येतो. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, आणि कार्ले-भाज्याची लेणी ज्या कातळात कोरली तो कातळ, हे सगळे लाव्हारसाचेच आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा वर आला, थरावर थर साचत गेले आणि त्यातून हा सगळा मुलूख घडला. घाटात रस्त्यासाठी कापलेला डोंगर नीट पाहिलात तर हे थर आजही दिसतात. मध्येच कुठे लाल मातीचा पट्टा दिसतो. एक थर थंड झाला आणि पुढचा यायला फार काळ गेला, तेवढ्या काळात खडक झिजून झालेली ती माती. शास्त्रज्ञांनी या थरांच्या गटांना खंडाळा, लोणावळा अशी आपल्याच गावांची नावे दिली आहेत.

तेव्हा उत्तर असे, की ही आग कधीच विझली. ती आता पेटायची नाही. भारतात जागा असलेला ज्वालामुखी एकच, अंदमानच्या समुद्रातले बॅरन बेट. पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचे श्री विजयपुरम, तिथून ते सुमारे १४० किलोमीटरवर आहे. दीडशेहून अधिक वर्षे तो शांत होता, १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला. तिथे माणसे राहत नाहीत. जहाजांवरून आणि उपग्रहांतून त्याच्यावर नजर ठेवली जाते.

मग आज ज्वालामुखीचा विषय का काढायचा? कारण आपला डोंगर पेटत नसला तरी खाली येतो. आणि माणसे राहतात त्या डोंगरावर सतत पाळत कशी ठेवायची, इशारा कसा द्यायचा आणि तो वेळेवर कसा पोचवायचा, हे जगाने सगळ्यात जास्त ज्वालामुखींच्या पायथ्याशी शिकले आहे. तो धडा आपल्या कामाचा आहे.

आधी आपल्याकडचे पाहू. जुलै १९८९ मध्ये आपल्याच तालुक्यात भाजे येथे दरड कोसळली, चाळीसच्या आसपास माणसे गेली. तुमच्यापैकी वयाने मोठ्या असलेल्यांना ते दिवस आठवत असतील. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यात माळीण गाव गाडले गेले आणि दीडशेहून जास्त माणसे मृत्युमुखी पडली. ही बातमी बाहेर कशी आली? सकाळच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा. कोणत्याही यंत्रणेच्या आधी ती एसटी पोचली होती. मग १९ जुलै २०२३ च्या रात्री, घाटाखाली खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या उतारावरची इर्शाळवाडी. ठाकर समाजाची वस्ती. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि शोधकार्य थांबवावे लागले. माळीणनंतर धोक्याच्या गावांच्या याद्या झाल्या होत्या. इर्शाळवाडी त्या यादीत नव्हती.

यादी म्हणजे पाळत नव्हे, हे आपण लक्षात घेतले पाहिजे. यादी एकदा होते. पाळत रोज ठेवावी लागते.

आता जगातली दोन उदाहरणे सांगते. दक्षिण अमेरिकेत कोलंबिया देशात नेवाडो देल रुईझ नावाचा बर्फाच्छादित ज्वालामुखी आहे. १९८५ मध्ये तो वर्षभर कुरकुरत होता. शास्त्रज्ञांनी चिखलाचे लोट कुठून येतील याचा नकाशा केला. त्या नकाशात अर्मेरो हे गाव धोक्यात दाखवले होते. काहींनी तो अतिशयोक्त ठरवला. १३ नोव्हेंबरच्या रात्री नऊच्या सुमारास स्फोट झाला, बर्फ वितळले आणि चिखलाचा लोट नदीपात्रातून निघाला. अर्मेरोला पोचायला त्याला दोन तासांहून जास्त वेळ लागला. दोन तास! तेवढ्या वेळात माणसे चालत उंचावर गेली असती. पण त्या संध्याकाळी राख पडू लागली तेव्हा लोकांना घरातच शांत राहायला सांगण्यात आले होते. सुमारे २३ हजार माणसे गेली. नकाशा होता, वेळही होता. निरोप तेवढा पोचला नाही.

दुसरे उदाहरण फिलिपाईन्समधल्या पिनातुबोचे. या डोंगराच्या उतारावर आएटा नावाचे आदिवासी राहत. पाचशे वर्षांत तो डोंगर पेटलेला नव्हता. त्यांच्यात काम करणाऱ्या सिस्टर एमा या जोगिणीने आणि वाडीवरच्या लोकांनी जमिनीच्या भेगा आणि वाफ पाहिली आणि ते सरकारच्या भूकंप-ज्वालामुखी संस्थेला जाऊन सांगितले. एप्रिल १९९१ मध्ये डोंगरावर वाफेचे स्फोट झाले, तेव्हा शास्त्रज्ञांनी भूकंपमापक बसवले, बाहेर पडणारा वायू मोजायला सुरुवात केली, धोक्याच्या एक ते पाच अशा पायऱ्या ठरवल्या. कोणती पायरी आली की कुणी निघायचे, हे आधीच सांगून ठेवले. लोकांचा विश्वास बसावा म्हणून एक चित्रफीत गावोगाव आणि अधिकाऱ्यांना दाखवली. ती केली होती कातिया क्राफ्त आणि मॉरिस क्राफ्त या फ्रेंच दांपत्याने. कातिया रसायनशास्त्र शिकलेली, ज्वालामुखीतून निघणारे वायू तपासणारी बाई. तिची फीत फिलिपाईन्समध्ये लोकांना सावध करत होती, त्याच काळात ३ जून १९९१ ला ती आणि मॉरिस जपानमध्ये उन्झेन ज्वालामुखीवर मृत्यू पावले. बारा दिवसांनी, १५ जूनला, पिनातुबोचा महास्फोट झाला. त्या शतकातल्या सर्वात मोठ्या स्फोटांपैकी तो एक. त्याआधी हजारो माणसे हलवली गेली होती, म्हणून हजारो जीव वाचले.

पण ही गोष्ट इथे संपवली तर ती अर्धवट राहील. जे वाचले त्यांना छावण्यांत ठेवले. तिथे गोवर, न्यूमोनिया आणि हगवणीने पुढे कित्येक आएटा मुले दगावली. डोंगरापासून वाचलेली मुले छावणीत गेली. सुटका म्हणजे नुसते हलवणे नव्हे, हे आपण बायकांनी तरी विसरू नये.

या दोन गोष्टींतून मला तीन प्रश्न दिसतात. डोंगराकडे बघते कोण? बघणाऱ्याचे ऐकते कोण? आणि ऐकल्यावर घर सोडता येते कुणाला?

पहिला प्रश्न. आपल्या बोरघाटात डोंगरावर पाळत नाही असे नाही. १८६३ साली या घाटातून रेल्वे सुरू झाली. ते बांधकाम करताना हजारो मजूर मेले. ठेकेदार सोलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, आणि ठेका त्याची बायको अ‍ॅलिस हिने पुढे चालवून पुरा केला. हे शाळेत कुणी शिकवत नाही. तेव्हापासून रेल्वेला ठाऊक आहे, की हा डोंगर स्वस्थ बसत नाही. पावसाळ्याआधी सुटे धोंडे शोधून पाडले जातात, जाळ्या लावतात. पावसाळ्याच्या रात्री गस्तीचा माणूस कंदील घेऊन रुळांवरून चालत जातो. चांगलेच आहे ते. आपला मुद्दा एवढाच, की ज्या डोंगराखाली रूळ आहेत तिथे रात्री माणूस फिरतो, आणि त्याच डोंगराच्या उतारावर ठाकर, कातकरी, महादेव कोळी, धनगर यांच्या वस्त्या आहेत, तिथे कोणी फिरत नाही. गाडीच्या जिवाला जे मोल आहे ते वाडीच्या जिवाला का नाही?

पण खरे सांगायचे तर वाडीवर पाहणारे डोळे आहेत. ते तुमचे आहेत. दरड कोसळण्याआधी डोंगर बहुतेक वेळा खुणा देतो. मुरलेल्या पाण्याने मातीचा थर जड होतो, खालच्या कातळावरची त्याची पकड सुटते आणि तो सरकू लागतो. तेव्हा झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते. नवीनच ठिकाणी पाझर फुटतो किंवा चालू झरा आटतो. सारवलेल्या जमिनीला पडलेली भेग पुन्हा सारवली तरी दुसऱ्या दिवशी उघडते. दार उंबऱ्याला घासू लागते, कडी बसेनाशी होते. झाडे, विजेचे खांब कलतात. पाणी कोण भरते? सारवते कोण? दार लावते कोण? ज्वालामुखीवर लाखो रुपयांची यंत्रे जमिनीचा कल आणि भेग मोजतात. वाडीवर तेच काम बाई विनामोल करते, फक्त त्याला कुणी निरीक्षण म्हणत नाही.

म्हणून आपण ते निरीक्षण म्हणून करू या. दर वाडीत दोघी-तिघींनी एक वही घालायची. सरळ कडांचा एक डबा उघड्यावर ठेवायचा, रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजून मिलिमीटरमध्ये लिहायचे आणि डबा रिकामा करायचा. हवामान खात्याचा पावसाचा दिवसही साडेआठलाच मोजला जातो. चोवीस तासांत ११५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर खाते त्याला अतिजोरदार म्हणते, २०४ च्या वर गेला तर अत्यंत जोरदार. भेग दिसली तर तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकायच्या, मधले अंतर मोजायचे, तारीख घालायची. अंतर वाढत असेल तर ते आकड्यात दिसेल. लिहिता न येणारीने शाळेतल्या मुलीकडून लिहून घ्यावे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. डोंगर दर वेळी खूण देईलच असे नाही. खूण दिसली नाही म्हणून धोका नाही, असे समजू नका. पाऊस सलग कोसळत असेल तर तो स्वतःच इशारा आहे.

दुसरा प्रश्न ऐकण्याचा. बाईने सांगितले, "झरा गढूळ झालाय," तर घरातले म्हणतात, "पावसाळ्यात गढूळ नाही तर काय होणार?" आणि वरून आलेला इशारा? तो मोबाईलवर येतो. मोबाईल बहुधा पुरुषाच्या खिशात, आणि पुरुष कामानिमित्त तळेगावला नाहीतर चाकणला. वाडीत रेंज नाही, वीज गेलेली. जुलैत लावणीचे दिवस, दिवसभर चिखलात वाकून रात्री बाई मेल्यासारखी झोपते. शेजारी लेकरे आणि हलता न येणारी सासू. अशा घरात रात्री अकराला इशारा कसा पोचणार? तेव्हा दवंडी, थाळी, देवळातली घंटा, शाळेचा भोंगा यांपैकी काहीतरी एक आधी ठरवावे लागेल. आणि वहीतले आकडे पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक यांच्याकडे लेखी द्यायचे, पोच घ्यायची. तोंडी सांगितलेले हवेत विरते. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आपल्या कायद्यात आहे. पावसाळ्याआधीच्या त्या सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्या आणि ठराव करा. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे प्रमुख जिल्हाधिकारी आहेत. ठरावाची प्रत तिथे गेली पाहिजे.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. बाया घर सोडायला तयार नसतात, अशी तक्रार अधिकारी करतात. एका वाडीवर मी बायांना कारण विचारले. एकजण म्हणाली, "शाळेत नेऊन ठेवत्यात. संडासाला कुलूप. पोरगी न्हाती-धुती झालीय, तिला घिऊन कुठं जाऊ?" दुसरी म्हणाली, "म्हस दावणीला, दाणं कणगीत. परत आल्यावर काय खाऊ?" तिसरी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "घर त्यांच्या नावावर. नवं मिळालं तरी त्यांच्याच नावावर. त्यांनी दुसरी आणलीय. ह्यातून निघाले तर मला पुन्हा आत कोण घेईल?"

याला अडाणीपणा म्हणायचे का? ती बाई दोन धोके तोलत होती. एक डोंगराचा, जो कदाचित येईल. दुसरा बेघर होण्याचा, जो तिच्या डोळ्यासमोर होता. आपण तिला डोंगराची भीती घालत राहिलो तर काही साधणार नाही. दुसरा धोका कमी केला तरच ती पहिल्यापासून पळेल.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असू द्या. निवाऱ्याच्या जागी बायकांसाठी वेगळे आणि उघडे असलेले संडास, दिवा, पाणी. जनावरांसाठी गोठ्याची सोय आणि चारा. तेवढ्या दिवसांची बुडालेली मजुरी किंवा धान्य. गरोदर बाया, म्हाताऱ्या आणि अपंग यांची नावे आधीच लिहून, कुणाला कोण नेणार ते ठरलेले. पुनर्वसनाचे घर आणि जागा नवरा-बायको दोघांच्या नावावर, आणि टाकलेली, विधवा, एकटी बाई हे स्वतंत्र कुटुंब म्हणून. शिवाय जे वरच्या उतारावर बंगल्यांसाठी आणि रस्त्यांसाठी डोंगराचा पायथा कापतात, त्यांच्या परवानग्या ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात. खालच्या वाडीला तो कागद पाहण्याचा हक्क आहे.

शेवटी एवढेच. पिनातुबोवर पहिली बातमी यंत्राने दिली नाही, वाडीवरच्या लोकांनी दिली. फरक इतकाच होता, की तिथे ती ऐकून घेणारे कुणी निघाले. आपल्याकडे ऐकणारे तयार करायचे असतील तर आधी बोलणाऱ्या तयार व्हायला हव्यात, हातात वही आणि आकडे घेऊन. आज दुपारच्या सत्रात गटागटाने बसून आपापल्या वाडीचा नकाशा काढायचा आहे. झरे, भेगा, उतार, एकट्या राहणाऱ्या बायांची घरे आणि निघायची वाट, एवढ्या पाच गोष्टी त्यावर दाखवा. नकाशा घेऊन जा, पुढच्या ग्रामसभेत भिंतीवर लावा. पुढच्या बैठकीला येताना वही सोबत आणा.