जेवायला फार वेळ लागतो?
(मनवेलपाडा, विरार पूर्व येथील व्याख्यान)

मंडळी, इओसिनोफिल हा शब्द तुम्हाला नवा नाही. खोकला हटेना की रक्त तपासतात आणि घरोघरी ऐकू येते, 'इसनोफिल वाढलेत.' रक्तातल्या या पेशी निरोगी अन्ननलिकेच्या अस्तरात नसतात. तिथे जमल्या की अस्तर सुजते आणि सूज वर्षानुवर्षे राहिली तर नळी कडक, अरुंद होत जाते. हा इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस. मुळाशी बहुधा अन्नातल्या घटकांची ॲलर्जी असते. दूध आणि गहू त्यात पुढे. १९९३ साली ॲटवुड आणि सहकाऱ्यांनी गिळायला त्रास होणाऱ्या १२ प्रौढांचे वर्णन केले, तेव्हा कुठे हा वेगळा आजार म्हणून डोळ्यांत भरला.

मोठ्या माणसात मुख्य लक्षण एकच: कोरडा, घट्ट घास छातीत अडकतो. पण 'घास अडकतो का?' असे विचारा, उत्तर 'नाही' येते. माणूस खोटे बोलत नसतो. त्याने जेवणच बदललेले असते. त्याचे ताट बघा. चपाती आमटीत कुस्करलेली, चिकनच्या फोडी कडेला आणि नुसता रस्सा भातावर, दर दोन घासांमागे पाण्याचा घोट. मोठी गोळी तो मोडूनच घेतो. बाकीचे हात धुऊन आले तरी हा ताटावरच. घरचे म्हणतात, 'तो पहिल्यापासून सावकाश जेवतो.' आपली कालवून खायची पद्धत या आजाराला लपायला उत्तम. वरणभातात अडकण्यासारखे असते काय? म्हणून मी उलटे विचारतो: पाण्याशिवाय वडापाव संपवता येतो का? हॉटेलात जायचे टाळता का?

आणि छातीत जळजळ झाली की आपल्याकडे निदान तयारच असते, 'पित्त.' दुकानातून गोळी आणायची, मोकळे व्हायचे. खरे निदान मात्र लांबते. स्वित्झर्लंडमधल्या या आजाराच्या २०० रुग्णांच्या २०१३ सालच्या अभ्यासात पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत निम्म्या रुग्णांची सहा वर्षे किंवा त्याहून जास्त गेली होती. दोन वर्षांच्या आत निदान झालेल्यांपैकी १७ टक्क्यांची नळी अरुंद झालेली होती. वीस वर्षांहून उशीर झालेल्यांत ७१ टक्क्यांची.

विशीपासून चाळिशीपर्यंतचा पुरुष, सोबत दमा किंवा सततची सर्दी-शिंका, आणि मधूनमधून अडकणारा घास, असे जुळले की संशय घ्यावा. स्त्रियांना होत नाही असे मात्र नाही. पाणीसुद्धा पहिल्यापासून अडकत असेल तर अन्ननलिकेच्या हालचालीचा आजार आधी मनात येतो. पन्नाशी उलटलेली, तंबाखूची सवय, वजन घटतेय आणि अडकणे आठवड्यागणिक वाढतेय, तर कर्करोग नाही ना हे लगेच पाहायचे. तिथे थांबायला वेळ नसतो.

लक्षणांवरून संशय येतो, निदान होत नाही. रक्तातले इओसिनोफिल वाढलेले असोत वा नसोत, त्यावरूनही ठरत नाही. एंडोस्कोपीत नळीला कडी, उभ्या चिरा, पांढरे ठिपके दिसतात. कधी काहीच दिसत नाही. म्हणून किमान सहा बारीक तुकडे, वरून आणि खालून, घ्यावे लागतात. सूक्ष्मदर्शकाच्या एका क्षेत्रात १५ किंवा जास्त इओसिनोफिल सापडले आणि दुसरे कारण नसले की निदान पक्के. 'तुकडा काढायचा' म्हटले की घरात कॅन्सरची कुजबुज सुरू होते. इथे तसे काही नाही. ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर ती आधी सांगा. तिच्याने या पेशीही कमी होतात आणि तपासणी फसू शकते.

घास अडकला आणि लाळही गिळता येईना, तर थेट रुग्णालय गाठा. माशाचा काटा रुतला की कोरड्या भाताचा गोळा किंवा केळे गिळायचा उपाय आपल्या किनाऱ्यावर घरोघरी ठाऊक आहे. तो इथे चालवू नका. आधीच बंद झालेल्या नळीत आणखी एक बूच बसेल.

उपचार आहेत: ॲसिडिटीचीच गोळी पुरेशा मात्रेत, गिळायचे स्टेरॉइड, आहारातून संशयित पदार्थ काढून पाहणे, अरुंद नळी फुग्याने रुंदही करता येते. मात्र गिळणे सुधारले म्हणजे सूज गेली असे नसते. त्यामुळे काही आठवड्यांनी एंडोस्कोपी पुन्हा, आणि तुकडेही पुन्हा. 'आता बरं वाटतंय, कशाला?' असे म्हणून तिथेच बरेचजण गळतात.