नव्या टाकींतील पाणवनस्पतींना खत केव्हां घालावें?



कांचेच्या टाकींत पाणवनस्पति लावून त्यांत मासे सोडण्याची हौस शहरांतील घरांत आतां चांगली रुजली आहे. बागेला जागा नसलेल्या घरांतहि दोन फूट लांबीची टाकी सहज मावते. रोपें लावून झालीं, कीं पहिला प्रश्न ठरलेलाच : खत कोणतें व किती घालावें? माझ्या मतें आधीं विचारावयास हवें तें हें, कीं खत केव्हां घालावें?

रोपवाटिकांमध्यें पुष्कळशा पाणवनस्पति पाण्याबाहेर, दमट हवेंत वाढवितात. हवेंत आलेलीं पानें पाण्याखालीं फारशीं उपयोगी पडत नाहींत. म्हणून टाकींत लावल्यावर तीं पिवळीं पडतात, गळतात, आणि रोप पाण्याजोगीं नवीं पानें काढूं लागतें. क्रिप्टोकोरीन ही वनस्पति घ्या. तिची एक जात आपल्या सह्याद्रींतील ओढ्यांतहि आढळते. जागा बदलली कीं ती कधीं कधीं सारीं पानें टाकून देते. परंतु मूळ जिवंत असतें. मालकाला मात्र रोप उपाशी वाटतें आणि तो खताची बाटली उपडी करतो. नुकत्याच तापांतून उठलेल्या मनुष्यापुढें पक्वान्नांचें ताट मांडावें, तसा हा प्रकार आहे.

रोपानें न घेतलेलें अन्न पाण्यांतच राहतें. त्यांत भरपूर उजेड आणि थोडा अमोनिया यांची भर पडली, कीं शेवाळ कांचेवर व कोंवळ्या पानांवर पसरूं लागतें. याहून मोठें भय माशांना आहे. कुजणारीं पानें आणि माशांची विष्ठा यांपासून अमोनिया तयार होतो. त्याचें प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करणारे जीवाणु नव्या टाकींत पुरेसे नसतात. ते वाढण्यास बहुधा ४ ते ६ आठवडे लागतात. तोंपर्यंत अमोनिया व नायट्राइट हीं दोन्ही माशांचे प्राण घेऊं शकतात. म्हणून कुंडींतलें युरिया, अमोनियम सल्फेट किंवा शेणखत टाकींत कधींहि घालूं नये, आणि मासेहि घाईनें सोडूं नयेत.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. स्प्रेंगेल यांनीं मांडलेला आणि लीबिग यांनीं १९ व्या शतकांत प्रसिद्धीस आणलेला एक नियम आहे : जें द्रव्य सर्वांत अपुरें असेल, तेंच वाढीची मर्यादा ठरवितें. उजेड मंद आणि कार्बन डायऑक्साइड कमी असेल, तर नत्र, स्फुरद, पालाश कितीहि ओतले तरी रोप वाढणार नाहीं.

आतां प्रत्यक्ष कृति सांगतों. पहिल्या आठवड्यांत पाण्यांत खत घालूं नये. दिवा रोज ६ तासच लावावा. गळलेलीं पानें काढावीं व निम्में पाणी एकदोनदां बदलावें. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन मात्र आधीं घालवावा. नवें पान दिसलें, कीं बाटलीवरील मात्रेच्या चौथाईनें आरंभ करावा. ६० सें. मी. लांब, ३० रुंद व ३० उंच टाकींत हिशेबानें ५४ लिटर पाणी मावतें. वाळू व दगड वजा जातां तें सुमारें ४५ लिटर धरावें. समजा, बाटलीवर १० लिटरला १ मिलिलिटर असें लिहिलें आहे. पूर्ण मात्रा साडेचार मिलिलिटर झाली. आपण सुमारें १ मिलिलिटर घालावें. रोपांची वाढ पाहून पुढें ती निम्मी व सहाव्या आठवड्याच्या सुमारास पूर्ण करावी. तळाशीं विकतची सकस माती घातली असेल, तर तीच आरंभीं अमोनिया सोडते. तेथें पाणी अधिक वेळां बदलावें आणि वरून नत्र देऊं नये.

प्रत्येक वनस्पतीची जेवण्याची रीतहि निराळी. क्रिप्टोकोरीन व व्हॅलिसनेरिया मुळांनीं पुष्कळ अन्न घेतात. त्यांनीं मूळ धरल्यावर बुडाशीं खताची गोळी पुरावी. अनुबियास व जावा फर्न यांचे आडवे खोड वाळूंत पुरलें तर कुजतें. तीं दगडाला किंवा लांकडाला बांधावीं. त्यांना पाण्यांतलेंच खत पुरतें.

रोपाची प्रकृति ओळखण्यासाठीं नव्या पानाकडे पाहावें. नवीं पानें फिकीं व शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर बहुधा लोह कमी आहे. जुनीं पानें पिवळीं पडल्यास नत्राची, त्यांना बारीक छिद्रें पडल्यास पालाशाची शंका घ्यावी. परंतु हा न्याय रोप स्थिरावल्यानंतरचा. पहिल्या पंधरवड्यांतील पिवळेपणा हा बहुतेक स्थलांतराचा परिणाम असतो.

शाळेंत नवीन आलेला मुलगा पहिले कांहीं दिवस गप्प बसतो; त्याला मंद समजून शिकवणीवर शिकवणी लावणारे पालक मीं पुष्कळ पाहिले आहेत. घरांतील मुलें टाकीपुढें उभीं राहून मासे केव्हां येणार म्हणून विचारतील. त्यांच्या हातीं एक वही द्यावी, आणि रोज किती नवीं पानें आलीं तें लिहून ठेवावयास सांगावें. वहींतील आंकडा वाढूं लागला, कीं खताची बाटली उघडावी.