गुडघ्यातलं वंगण
(मंडळाच्या गणेशोत्सवातील आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही दोघांनी बरीच वर्षं शरीररचनाशास्त्र शिकवलं, पण आज एका वाक्याशी भांडायला उभे आहोत. आपल्या बडोद्यातल्या कुठल्याही मराठी घरात साठी उलटलेल्यांना विचारा, फिरायला का येत नाही? उत्तर ठरलेलं : “गुडघ्यातलं वंगण संपलंय, उरलंय ते जपून वापरायचं.” मग माणूस खुर्चीत बसतो आणि हळूहळू त्याला खरोखरच उठवत नाही.

हे वंगण काय आहे ते समजायला संयोजी ऊतींची ओळख हवी. नातवंडांच्या नववीच्या पुस्तकात हा धडा आहे. अवयवांना जोडणं, आधार देणं, मधली जागा भरणं हे या ऊतींचं काम. कुटुंब मोठं चमत्कारिक. त्यात हाड आहे, चरबी आहे आणि चक्क रक्तसुद्धा! टणक हाड आणि वाहतं रक्त एका कुळातलं कसं? तर दोन्हींत पेशी सुट्या-सुट्या असतात आणि त्यांच्यामध्ये भरपूर आधारद्रव्य असतं. हाडात ते क्षारांनी कडक झालेलं, रक्तात पातळ.

यातल्या बऱ्याच ऊतींना बळ देतात ते कोलॅजेनचे तंतू. परवा आरतीला ढोलकी उतरली होती, आठवतं? ढोलकीचं पान म्हणजे जनावराच्या कातडीतलं कोलॅजेनचं जाळं. दमट हवेत ते पाणी शोषतं आणि सैल पडतं. म्हणून तर हलगीवाले हलगी शेकोटीवर धरतात. कोलॅजेनच्या रेणूची तीन पदरी वेणी असते, हे मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी 1954 साली मांडलं. आपल्या देशात झालेलं इतकं मोठं काम, पण शाळेत आपल्याला कुणी सांगितलं नाही.

या तंतूंचे दोर वळले की दोन गोष्टी होतात. स्नायूला हाडाशी बांधते ती स्नायुरज्जू, हाडाला हाडाशी बांधतो तो अस्थिबंध. दोन्हींना रक्तपुरवठा बेताचा, म्हणून मुरगळलेला घोटा महिनोन्‌महिने कुरकुरतो. व्यायामानं स्नायू लवकर तयार होतात, रज्जू मागाहून. पन्नाशीनंतर अंगात उत्साह संचारला की टाच धरते ती यामुळेच. जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या गावात हे खरं तर आम्ही सांगायला नको.

आता गुडघा. हाडांच्या टोकांवर कास्थीचं गुळगुळीत आवरण असतं. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतूही नाहीत. मग तिला जेवण कोण देतं? सांध्यातला द्रव. पाऊल टाकलं की कास्थी दाबली जाते, उचललं की फुलते. या दाबण्या-फुलण्यात द्रव आत-बाहेर होतो आणि पोषण पोचतं. बसून राहिलात तर तिची उपासमार.

तुमचं ‘वंगण’ म्हणजे हाच द्रव. निरोगी गुडघ्यातही तो चमचाभरापेक्षा कमीच असतो. स्कूटरच्या ऑइलसारखा एकदा भरून दिलेला नसतो, सांध्याचं आतलं अस्तर तो सतत तयार करतं. झिजलेल्या गुडघ्यात तो पातळ होतो खरा, पण संपत नाही. गुडघा सुजतो तेव्हा तर तो वाढलेला असतो.

चालल्यानं झिजलेली कास्थी पुन्हा उगवते, असं आम्ही म्हणणार नाही. तसं सांगणाऱ्यावर विश्वासही ठेवू नका. पण मांडीचे पुढचे स्नायू बळकट झाले की गुडघ्याला आधार मिळतो, दुखणं कमी होतं. खुर्चीत बसून एक पाय सरळ करा, पाच आकडे मोजा, खाली घ्या. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. चालणं दहा मिनिटांपासून सुरू करा, सपाट रस्त्यावर, चपलांऐवजी बूट घालून. गुडघा लाल, गरम झाला, एकाएकी सुजला, अडकला किंवा ताप आला, तर मात्र व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

सुरुवातीलाच एक चिठ्ठी आली आहे : कोलॅजेनची पावडर घ्यावी का? पोटात गेलेलं कोलॅजेन डाळीतल्या प्रथिनांसारखंच पचतं, ते जसंच्या तसं गुडघ्यात जाऊन बसत नाही. त्या पैशांत आधी चांगले बूट घ्या. आता पुढचा प्रश्न, वहिनी तुम्ही विचारा.