लोकप्रशासनाचे जनक आणि गोल्फचं मैदान



स्वागताध्यक्षाकडून दोनच अपेक्षा असतात. पाहुण्यांच्या गाद्या-उशा, आंघोळीचं गरम पाणी आणि जेवणखाण त्यानं नीट बघावं, आणि भाषण आटोपतं घ्यावं. पहिली जबाबदारी आमच्या शिपाईमामांपासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांनी वाटून घेतली आहे. दुपारच्या पंगतीला अख्खा मसूर आहे. संध्याकाळी प्रीतिसंगमावर जायचं आहे, गाड्या साडेपाचला कॉलेजच्या फाटकाशी उभ्या असतील. दुसऱ्या अपेक्षेचं काय होतं ते बघू.

कऱ्हाडात राज्यशास्त्राच्या लोकांचं स्वागत करायचं म्हणजे जरा दडपणच असतं. यशवंतरावांचं गाव हे. इथे पानटपरीवरही जिल्हा परिषदेच्या गटवार बेरजा तोंडपाठ असतात. त्यामुळे राजकारणावर मी तुमच्यासमोर बोलणार नाही. यंदाचा विषय आहे उच्च शिक्षणसंस्थांचा कारभार, आणि तो ठरल्यापासून एकच माणूस माझ्या डोक्यात घोळतो आहे. तुम्ही सगळे त्याला ओळखता, पण त्याच्या आयुष्याचा मधला भाग आपल्या अभ्यासक्रमात गाळलेला असतो.

लोकप्रशासनाचे जनक कोण? वुड्रो विल्सन, १८८७. स्पर्धा परीक्षेच्या कुठल्याही गाईडात पहिल्या पानावर हा प्रश्न असतो. पुढे आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पेपरात तेच गृहस्थ पुन्हा भेटतात, चौदा मुद्दे आणि राष्ट्रसंघ घेऊन. लंडनला असताना लोकमान्य टिळकांनी १९१९ साली त्यांना पत्र लिहून स्वयंनिर्णयाचं तत्त्व हिंदुस्थानलाही लावा अशी मागणी केली, हेही आपण इतिहासात शिकवतो. पण या दोन प्रश्नांच्या मधल्या काळात, १९०२ ते १९१० अशी आठ वर्षं, हे गृहस्थ प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष होते. आपल्या भाषेत कुलगुरू. या सभागृहात निम्म्याहून जास्त लोक कधी ना कधी प्राचार्याच्या, विभागप्रमुखाच्या नाहीतर कुलसचिवाच्या खुर्चीत बसलेले आहेत किंवा बसू घातलेले आहेत. त्यांच्यासाठी ही आठ वर्षं चौदा मुद्द्यांपेक्षा जास्त कामाची आहेत, असं माझं प्रामाणिक मत आहे.

विल्सन एका पाद्र्याचे चिरंजीव. व्हर्जिनियात १८५६ साली जन्म, प्रिन्स्टनमध्ये पदवी, मग वकिली शिकून अटलांटात थाटलेलं दुकान. ते चाललं नाही. मग बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये संशोधन. तिथे त्यांनी अमेरिकी काँग्रेसवर पुस्तक लिहिलं, १८८५ साली ते छापून आलं आणि नाव झालं. गंमत अशी, की वॉशिंग्टन जेमतेम तासा-दीड तासाच्या रेल्वे अंतरावर असताना हे पुस्तक त्यांनी ग्रंथालयात बसून लिहिलं. काँग्रेसचं कामकाज बघायला गेले नाहीत. आपल्याकडच्या कुठल्या मार्गदर्शकानं हे चालवून घेतलं असतं? तरीही पुस्तकाचं म्हणणं पक्कं होतं: काँग्रेसचं खरं काम भर सभागृहातल्या भाषणांत होत नाही, ते समित्यांच्या बंद खोल्यांत होतं. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८८७ चा प्रसिद्ध निबंध त्यांनी तिशीत, ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजात शिकवत असताना लिहिला. कारभाराचं क्षेत्र राजकारणाच्या बाहेरचं आहे, काय करायचं ते राजकारणानं ठरवावं, पण कसं करायचं त्यात हात घालू नये, हा त्याचा गाभा. हा निबंध कित्येक दशकं फारसा कुणी वाचलाही नाही. विसाव्या शतकाचा मध्य जवळ आल्यावर तो विषयाचा पाया मानला जाऊ लागला.

१८९० मध्ये विल्सन प्रिन्स्टनला प्राध्यापक म्हणून आले. मुलं त्यांच्या व्याख्यानांवर फिदा. १९०२ च्या जूनमध्ये विश्वस्तांनी त्यांना अध्यक्ष निवडलं. तोवर प्रिन्स्टनचा प्रत्येक अध्यक्ष धर्मोपदेशक असायचा, हा पहिला बिगर-पाद्री. ऑक्टोबरमधल्या पदग्रहणाला जे. पी. मॉर्गन, मार्क ट्वेन, बुकर टी. वॉशिंग्टन अशी मंडळी हजर होती.

पहिली चार वर्षं झकास गेली. विभाग आखले, पहिली दोन वर्षं ठरलेले विषय आणि मग निवडीचे विषय अशी रचना बसवली. १९०५ मध्ये एका दमात जवळपास पन्नास तरुण अध्यापक नेमले. त्यांना प्रिसेप्टर म्हणत. मोठ्या वर्गात व्याख्यान ऐकवून मोकळं होण्याऐवजी चार-सहा मुलांना घेऊन बसायचं, पुस्तकावर बोलायचं, हे त्यांचं काम. जुन्या प्राध्यापकांनाही ते आवडलं, कारण कुणाच्या ताटातलं काढलं नव्हतं, वाढलं होतं. आमच्या संस्थेत एक तासिका तत्त्वावरचं पद भरायचं म्हटलं तरी किती फायली हिंडतात हे माहीत असल्यामुळे तो पन्नासचा आकडा वाचून मी दोन मिनिटं थांबलो होतो.

१९०६ च्या मे महिन्यात एका सकाळी ते उठले तर डाव्या डोळ्याला दिसेना. तो पक्षाघाताचाच प्रकार होता असं बहुतेक चरित्रकार मानतात. त्यानंतरचा विल्सन जास्त घाईचा आणि जास्त ताठ दिसतो. कारण आजारच होता की पहिल्या चार वर्षांचं यश, यावर वाद आहे. माझा कल यशाकडे आहे.

१९०७ मध्ये त्यांनी मोठी योजना आणली. प्रिन्स्टनमध्ये वरच्या वर्गांतली बहुतेक मुलं प्रॉस्पेक्ट अॅव्हेन्यूवरच्या ईटिंग क्लबांत जेवत. नाव खाणावळीचं, थाट संस्थानिकांचा. क्लबात कुणाला घ्यायचं हे क्लबवालेच ठरवत. ज्याला घेतलं नाही त्याचं कॉलेजातलं आयुष्य फिकं. विल्सन म्हणाले, हे बंद करू. चौसोपी वाड्यासारख्या इमारती बांधू, प्रत्येक वाड्यात चारही वर्षांची मुलं आणि काही अध्यापक एकत्र राहतील, एका भोजनगृहात जेवतील. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये त्यांनी हे पाहिलं होतं.

कल्पना चांगली होती, याबद्दल मला शंका नाही. पण ती मांडली कशी? जूनमध्ये थेट विश्वस्तांपुढे. त्यांनी तत्त्वतः मान्यता दिली. प्राध्यापकांशी आधी सल्लामसलत नाही, माजी विद्यार्थ्यांचा अंदाज घेतलेला नाही. अहो, ज्या माणसानं समित्यांच्या बंद खोल्यांवर पुस्तक लिहिलं, तोच त्या खोल्यांत एकदाही न शिरता सभागृहात उभा राहिला! माजी विद्यार्थी खवळले, कारण क्लब त्यांचे होते आणि देणग्याही त्यांच्याच होत्या. विल्सन यांचे जिवलग मित्र जॉन हिबेन प्राध्यापकांच्या सभेत विरोधी बाजूनं उभे राहिले. ती मैत्री तिथेच तुटली आणि पुन्हा जुळली नाही. ऑक्टोबरमध्ये विश्वस्तांनी दिलेली मान्यता मागे घेतली. विल्सन यांच्यामागून प्रिन्स्टनचे अध्यक्ष कोण झाले? हेच हिबेन.

दुसरं भांडण त्याहून गमतीचं आणि त्याहून कडू. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी निवासी इमारत बांधायची होती. विल्सन म्हणत, ती विद्यापीठाच्या मधोमध हवी, म्हणजे पदवीची मुलं संशोधकांच्या सहवासात राहतील. पदव्युत्तर शाखेचे अधिष्ठाता अँड्र्यू वेस्ट, लॅटिनचे प्राध्यापक, यांना ती लांब गोल्फच्या मैदानाकडे हवी होती. वेस्ट यांच्या मागे माजी राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड उभे. निवृत्तीनंतर ते प्रिन्स्टनलाच राहत आणि विश्वस्त होते. १९०९ मध्ये साबणवाले प्रॉक्टर, प्रॉक्टर अँड गॅम्बलवाले, पाच लाख डॉलर द्यायला पुढे आले. अटी दोन: तेवढीच रक्कम इतरांकडून उभी करायची आणि जागा प्रॉक्टर यांच्या पसंतीची. पसंती अर्थातच वेस्ट यांच्याकडे झुकलेली.

१९१० च्या जानेवारीतली विश्वस्तांची बैठक जवळून बघण्यासारखी आहे. विश्वस्त मोझेस पाइन यांनी प्रॉक्टर यांचा तडजोडीचा प्रस्ताव अचानक पुढे ठेवला. विल्सन गोंधळले आणि बोलून गेले, की प्रश्न जागेचा नाहीच, ध्येयं योग्य असतील तर ही संस्था या परगण्यात कुठेही चांगली चालेल. वर्षभर ज्या जागेसाठी ते भांडत होते, तिच्यावर त्यांनीच पाणी सोडलं. मग ते म्हणाले, आक्षेप वेस्ट यांच्या ध्येयांवर आहे. तेव्हा वेस्ट यांची जुनी योजना-पुस्तिका पुढे करण्यात आली. तिची प्रस्तावना कुणाची? विल्सन यांची, कौतुकानं भरलेली. त्यावर त्यांचं उत्तर: प्रस्तावना लिहिली तेव्हा पुस्तिका पाहिली नव्हती.

प्रस्तावना लिहिणाऱ्या इथल्या ज्येष्ठांकडे मी मुद्दाम बघत नाही.

प्रॉक्टर यांनी देणगी मागे घेतली आणि विल्सन जिंकल्यासारखं दिसलं. पण मे महिन्यात मॅसॅच्युसेट्समध्ये आयझॅक वायमन नावाचे, १८४८ साली पदवी घेतलेले एक वृद्ध माजी विद्यार्थी वारले. मृत्युपत्रात त्यांनी आपली मालमत्ता पदव्युत्तर महाविद्यालयाला ठेवली होती आणि व्यवस्थापक नेमले होते वेस्ट. कित्येक लाख डॉलर येणार अशी बातमी पसरली. प्रत्यक्षात रक्कम खूपच कमी निघाली, पण तोवर निकाल लागलेला होता. जिवंत माणसाशी लढता येतं, मेलेल्याशी कसं लढायचं, अशा अर्थाचं काहीतरी विल्सन बोलल्याचं सांगतात. इमारत गोल्फच्या मैदानापाशीच झाली. तिच्या चौकात आज वेस्ट यांचा पुतळा बसलेला आहे.

त्याच ऑक्टोबरमध्ये विल्सन यांनी राजीनामा दिला, नोव्हेंबरमध्ये न्यू जर्सीचे गव्हर्नर म्हणून निवडून आले, दोन वर्षांत राष्ट्राध्यक्ष. श्रीमंतांच्या क्लबांशी भांडणारा कुलगुरू, ही कीर्ती प्रचारात कामी आली. म्हणजे विद्यापीठात जे हरले, तेच बाहेर भांडवल झालं. आणि या सगळ्या धबडग्याच्या वर्षी, १९०९-१०, ते अमेरिकन राज्यशास्त्र संघटनेचेही अध्यक्ष होते! डिसेंबर १९१० मध्ये सेंट लुईसला तुमच्यासारख्याच प्राध्यापकांपुढे त्यांनी अध्यक्षीय भाषण केलं, तेव्हा ते निर्वाचित गव्हर्नर होते.

या संघटनेत त्यांच्या आधीचे अध्यक्ष होते ए. लॉरेन्स लॉवेल. तेही राज्यशास्त्रज्ञ, आणि १९०९ ते १९३३ हार्वर्डचे अध्यक्ष. विल्सन यांना जमलं नाही ते लॉवेल यांनी केलं. १९३० च्या सुमारास हार्वर्डमध्ये निवासी हाऊसेस उभी राहिली, कल्पना जवळपास तीच. फरक एवढाच, की लॉवेल वीस वर्षं थांबले, आधी पहिल्या वर्षाच्या मुलांची वसतिगृहं बांधली आणि एडवर्ड हार्कनेस यांच्यासारखा देणगीदार स्वतः दारात आला तेव्हा हात पुढे केला.

यातल्या कुणालाही देव्हाऱ्यात बसवायला मी सांगत नाही. ज्या विल्सन यांना क्लबातली उच्चनीचता खुपत होती, त्यांच्या प्रिन्स्टनला कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी अर्जही करू नये असं त्यांचंच धोरण होतं, आणि राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांच्या सरकारनं कचेऱ्यांत वर्णभेद वाढवला. २०२० मध्ये प्रिन्स्टननं आपल्या सार्वजनिक धोरणाच्या शाखेवरून त्यांचं नाव काढलं. लॉवेल यांनी ज्यूंच्या प्रवेशावर मर्यादा घालायचा घाट घातला होता आणि कृष्णवर्णीय मुलांना पहिल्या वर्षाच्या वसतिगृहात जागा नाकारली होती. पंक्तिभेद म्हणजे काय हे महाराष्ट्राला समजावून सांगावं लागत नाही.

आपल्या देशातलं नाव घ्यायचं तर डॉ. जी. राम रेड्डी. पंचायत राज्याचे अभ्यासक, उस्मानियाचे कुलगुरू. १९८२ मध्ये हैदराबादला देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ उभं राहिलं तेव्हा पहिले कुलगुरू तेच, आणि १९८५ मध्ये इग्नूचेही पहिले कुलगुरू तेच. पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. त्या वाटेवर १९८९ मध्ये नाशिकला आपलं मुक्त विद्यापीठ निघालं आणि त्याला नाव मिळालं कऱ्हाडच्या यशवंतरावांचं. शेतीची कामं उरकून रविवारी परीक्षेला बसणाऱ्या बायका-पुरुषांपर्यंत पदवी पोचवायची तर जुन्या विद्यापीठांशी, अनुदानाशी, अभ्यासकेंद्रांशी किती वाटाघाटी कराव्या लागतात, याची कल्पना या क्षेत्रातल्यांना आहे. राम रेड्डी यांच्यावर मराठीत एखादा चांगला प्रबंध व्हावा असं मला फार वाटतं. इथे जमलेल्या मार्गदर्शकांनी मनावर घेतलं तर ग्रंथखरेदीची तरतूद आमची संस्था करेल. हे मी आमच्या कार्यकारिणीला विचारून बोलतो आहे, नाहीतर माझाही विल्सन व्हायचा.

उद्या सकाळच्या सत्रात प्राचार्य आणि माजी कुलसचिव आपले अनुभव सांगणार आहेत. त्यांनी कागद बाजूला ठेवून बोलावं ही विनंती. संस्थाचालक म्हणून मी मागच्या रांगेत बसेन आणि एकही शब्द बोलणार नाही, हे इथे सर्वांसमक्ष कबूल करतो. स्वागत समितीच्या वतीनं तुम्हा सर्वांचं मनापासून स्वागत, आणि उद्घाटकांनी दीपप्रज्वलनासाठी पुढे यावं अशी विनंती.