लोखंडाची झीज

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ सालीं निघाला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होईल, असें शेतकरी मानीत. ती शंका केव्हांच फिटली. झिजेचा प्रश्न मात्र उरला. वाईच्या मळ्यांतील पंपाचें बुश झिजलें कीं पाणी थांबतें.

यावर एक तोड अशी: लोखंडाची भुकटी तांबें व कार्बन यांच्या चूर्णासह साच्यांत दाबून सुमारें ११२० अंश सेल्सिअसला तापवितात. लोखंड वितळत नाहीं, पण कण सांधले जातात. उरलेल्या सूक्ष्म छिद्रांत तेल मुरवितात. दांडा फिरूं लागतांच तें पाझरतें. मात्र छिद्रें वाढलीं तर बळ घटतें, कार्बन वाढला तर ठिसूळपणा येतो. हें प्रमाण साधलें, तरच भर उन्हाळ्यांत उभ्या उसाला पाणी मिळतें.