टोस्टरचा विनोद आणि मताचा हक्क

(दिल्लीत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



आपल्यापैकी ज्यांनी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला आहे, त्यांच्यासाठी आयर्लंड म्हणजे एका गुणाचा प्रश्न. राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वे कोणत्या देशाच्या घटनेवरून घेतली? आयर्लंड. पुढचा प्रश्न. मलाही बरीच वर्षे एवढेच माहीत होते. बाबासाहेबांनी पाकिस्तानवरच्या ग्रंथात अल्स्टरच्या, म्हणजे आयर्लंडच्या उत्तर भागाच्या प्रश्नाचा दाखला घेतला आहे, हे मी पुष्कळ उशिरा वाचले.

त्याआधी मला आयर्लंड भेटला तो हॉस्टेलच्या खोलीत, लॅपटॉपवर. लिसा मॅकगी या डेरीच्याच लेखिकेची 'डेरी गर्ल्स' ही मालिका आम्ही चौघी रात्री जागून पाहत होतो. नव्वदच्या दशकातले डेरी शहर, कॅथलिक शाळेतल्या चार मुली आणि त्यांच्यासोबत एक इंग्लिश मुलगा. एका भागात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुलांना मैत्री व्हावी म्हणून एकत्र आणतात. आपल्यात साम्य काय आणि फरक काय, हे फळ्यावर लिहायचे असते. फरकांचा फळा बघता बघता भरतो. प्रोटेस्टंटांना अॅबाची गाणी आवडत नाहीत, कॅथलिकांना मूर्तींचे वेड, प्रोटेस्टंट लोक टोस्टर कपाटात ठेवतात. साम्याचा फळा मात्र रिकामाच. आम्ही पोट धरून हसलो. तो फरकांचा फळा पुढे बेलफास्टच्या अल्स्टर म्युझियममध्ये मांडला गेला, इतका तो प्रसंग गाजला.

हसू ओसरल्यावर माझी रूममेट म्हणाली, "बघ, तिकडेही हेच. दोन्हीकडचे लोक सारखेच वेडे. तुमचं जातीचंही असंच आहे गं. दोघांनी सोडून दिलं की संपलं."

मला उत्तर सुचले नाही. ती वाईट मुलगी नव्हती. पण तिच्या त्या 'दोघांनी'मध्ये काहीतरी खटकले. ते काय, हे शोधण्यासाठी मी वाचायला लागले. आज तेच उत्तर तुमच्यासमोर मांडते.

सतराव्या शतकात अल्स्टरमधल्या कॅथलिकांच्या जमिनी काढून घेऊन त्यांवर इंग्लंड-स्कॉटलंडहून आणलेले प्रोटेस्टंट वसवले गेले. १९२१ साली आयर्लंडची फाळणी झाली. उत्तरेकडचे सहा जिल्हे ब्रिटनकडे राहिले आणि तिथे प्रोटेस्टंट युनियनिस्टांची कायमची सत्ता आली. आता १९६० च्या दशकातल्या डेरीत या. स्थानिक निवडणुकीत मत कोणाला? ज्याच्या नावावर घर आहे किंवा जो घराचा भाडेकरू आहे त्याला, आणि त्याच्या जोडीदाराला. आईबापांच्या घरात राहणाऱ्या प्रौढ मुलाला मत नाही. उलट कंपनीच्या मालकीतून सहापर्यंत जादा मते मिळू शकत. म्हणजे घर नाही तर मत नाही. आणि सरकारी घरे वाटायची कोणी? नगरपालिकेने. मग नगरपालिका आपल्या विरोधकाला घर कशाला देईल?

डेरीत कॅथलिक मतदार १४ हजारांहून जास्त, प्रोटेस्टंट मतदार ८ हजारांच्या वर. तरी नगरपालिकेत युनियनिस्ट १२ आणि विरोधक ८. हे कसे? बहुतेक कॅथलिक एकाच मोठ्या प्रभागात कोंबले होते. त्यांनी कितीही मते दिली तरी जागा आठच. उरलेल्या दोन प्रभागांत थोड्या मताधिक्याने बारा जागा दुसऱ्या बाजूला. प्रभागरचनेचे राजकारण आपल्याला काही नवीन नाही.

जून १९६८ मध्ये कॅलेडन गावात एक सरकारी घर एका १९ वर्षांच्या अविवाहित प्रोटेस्टंट मुलीला मिळाले. मुलेबाळे असलेली कॅथलिक कुटुंबे यादीत ताटकळत होती. ऑस्टिन करी या आमदाराने त्या घरात घुसून ठिय्या दिला. त्यानंतर मोर्चे सुरू झाले. मागण्या काय होत्या? प्रत्येकाला एक मत. घरवाटपात न्याय. नोकरीत भेदभाव नको. १९२२ पासूनचा दडपशाहीचा कायदा रद्द करा. मोर्चेकरी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चळवळीतली गाणी म्हणत होते. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी डेरीत पोलिसांनी त्यांना झोडपले आणि ते जगाने टीव्हीवर पाहिले.

म्हणजे भांडण टोस्टरचे नव्हते. मताचे, घराचे, नोकरीचे होते.

आता पडद्याकडे येऊ. हॉलिवूडच्या 'पेट्रियट गेम्स'मध्ये (१९९२) आयरिश माणूस खलनायक आहे. त्याचा भाऊ मारला गेला, म्हणून तो सूड घेतो. त्याच्या वस्तीत काय घडले, याच्याशी सिनेमाला देणेघेणे नाही. केनेथ ब्रानाच्या 'बेलफास्ट'ला (२०२१) पटकथेचे ऑस्कर मिळाले. तो मला मनापासून आवडतो. ऑगस्ट १९६९ मध्ये कॅथलिकांच्या घरांवर जमाव चालून येतो, ते आपण एका प्रोटेस्टंट मुलाच्या डोळ्यांनी पाहतो. मूल जेवढे पाहते तेवढेच सिनेमा दाखवतो, हे प्रामाणिकच आहे. पण त्यामुळे दंगल वादळासारखी येते, आकाशातून पडल्यासारखी. वर्षभर आधी कोणी काय मागितले होते आणि त्या मागणीचा राग कोणाला आला होता, हे बाहेरच राहते.

या सिनेमांना वाईट हेतू चिकटवायची गरज नाही. द्वेष दाखवायला सोपा असतो, त्याला चेहरा असतो, दगड असतो, पेटती बाटली असते. प्रभागाची सीमा आणि घरांची यादी कॅमेऱ्यात मावत नाही. म्हणून दिसतो तो द्वेष, आणि ज्यामुळे तो पोसला जातो ती व्यवस्था दिसत नाही. मग दूर बसलेला प्रेक्षक म्हणतो, दोन्हीकडचे सारखेच. आपल्याकडे अत्याचाराच्या बातमीत 'दोन गटांत वाद' असे छापून येते, तेव्हा हेच घडलेले असते.

पण वेगळे करून दाखवणारेही आहेत. पॉल ग्रीनग्रासचा 'ब्लडी संडे' (२००२) जरूर पाहा. ३० जानेवारी १९७२ रोजी डेरीत नागरी हक्कांच्या मोर्चावर ब्रिटिश सैनिकांनी गोळ्या झाडल्या. तेरा माणसे त्याच दिवशी गेली, चौदावा नंतर. या सिनेमाचा नायक कोण? मोर्चाचा नेता आयव्हन कूपर, आणि तो प्रोटेस्टंट होता. एवढ्या एका निवडीने सिनेमा सांगतो की हा धर्माचा नव्हे, हक्कांचा लढा होता. पहिल्या सरकारी चौकशीने सैनिकांना बहुतांशी निर्दोष ठरवले होते. मृतांच्या घरच्यांनी पिच्छा सोडला नाही. दुसऱ्या चौकशीचा अहवाल २०१० साली आला, गोळीबार असमर्थनीय ठरला आणि पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. अडतीस वर्षे लागली.

एक गोष्ट मात्र आपण स्वतःलाही बजावायला हवी. ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांच्या बाजूने लढणाऱ्यांचेही हात रक्ताने माखले. 'से नथिंग' या २०२४ च्या मालिकेत जीन मॅककॉनव्हिलची कहाणी येते. दहा मुलांची ही विधवा आई. जन्माने प्रोटेस्टंट, लग्न कॅथलिकाशी. खबरी असल्याच्या संशयावरून आयआरएने १९७२ साली तिला घरातून उचलले आणि मारले. देह २००३ साली सापडला. तिच्या मुलाने या मालिकेवर जाहीर नाराजी व्यक्त केली. आपल्या वेदनेवर दुसऱ्याची करमणूक उभी राहते, तेव्हा घरच्यांचे काय होते, हे त्यालाच ठाऊक. साडेतीन हजारांवर माणसे या संघर्षात गेली. व्यवस्था ओळखायची म्हणजे आपल्या बाजूचे खून झाकायचे, असा अर्थ होत नाही.

तिथे दोन्हीकडचे लोक गोरे, दोघांची भाषा इंग्रजी. मग ओळखतात कसे? नावावरून, शाळेवरून आणि एका अक्षरावरून. इंग्रजी वर्णमालेतले आठवे अक्षर प्रोटेस्टंट 'एच' म्हणतात, कॅथलिक 'हेच'. हे वाचले आणि मी पुस्तक मिटून बसले. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी वर्गात 'पानी' म्हणाले होते. सगळा वर्ग हसला आणि शिकवणाऱ्यांनी मला तीनदा 'पाणी' म्हणायला लावले. एका अक्षरात माझे गाव, घर, जात सगळे त्यांना कळले होते. तुलना फार ताणू नका, तिकडे अस्पृश्यता नव्हती. पण तोंड उघडताच पकडले जाण्याची भीती मला ओळखीची वाटली.

आणखी एक. शांतता कराराच्या वेळी तिथल्या पोलीस दलात कॅथलिक जेमतेम ८ टक्के होते. म्हणून २००१ पासून दहा वर्षे नवी भरती निम्मी कॅथलिक, निम्मी इतर अशी झाली. प्रोटेस्टंट उमेदवारांवर अन्याय होतो, अशी ओरड तिथेही झाली. दहा वर्षांनी कॅथलिकांचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास गेले. 'ब्लू लाइट्स' ही बेलफास्टच्या नवख्या पोलिसांची मालिका पाहाल, तेव्हा त्या गणवेशातली कॅथलिक मुलगी तिथवर कशी पोहोचली, हे लक्षात ठेवा. पडद्यावर तिची भीती दिसते, तिच्यामागचे धोरण नाही.

तर माझ्या रूममेटला आज मी काय सांगेन? म्हणेन, 'दोघांनी सोडून द्यायचं', पण सोडायचं काय, ते आधी बघ. एकाने नगरपालिका सोडायची आहे, दुसऱ्याकडे सोडायला फक्त मागणी आहे.

आपण घरातले पहिले पदवीधर. सिनेमे आपणही पाहणार, हसणार, रडणार. पाहताना एवढेच विचारायचे: गोष्ट कोणत्या दिवशी सुरू केली, आणि त्याच्या आदल्या दिवशी काय चालले होते?

'डेरी गर्ल्स'चा शेवटचा भाग १९९८ च्या सार्वमताचा आहे. शांतता कराराला उत्तर आयर्लंडमध्ये ७१ टक्के लोकांनी होकार दिला. नुकत्याच अठरा वर्षांच्या झालेल्या त्या मुली मतदान केंद्रावर जातात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला तो फक्त गोड शेवट वाटला होता. आता तो पाहताना मला दिसते की हे तेच शहर आहे, जिथे तीस वर्षांपूर्वी प्रत्येकाला एक मत द्या, एवढेच मागणाऱ्यांच्या डोक्यात लाठ्या बसल्या होत्या.

जय भीम.